हातावेगळं

सांगलीच्या एका वाचनालयात कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळल्या जात होत्या आणि एक मुलगी दाराशी थांबली होती. बँकेत नोकरी, वय तिशीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून तिनं तीन वह्या काढल्या. म्हणाली, "सर, माझ्याकडे तीन कादंबऱ्या आहेत. म्हणजे तीन कल्पना. प्रत्येकीची चाळीस-पन्नास पानं झालीत. यातली कुठली लिहू?"

मी म्हटलं, "जी तुम्हाला जास्त छळते ती."

तिनं मान डोलावली, वह्या परत पिशवीत ठेवल्या आणि ती गेली. कोल्हापूरच्या गाडीत बसल्यावर मला स्वतःचा राग आला. उत्तर ऐकायला बरं होतं, पण तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. तिन्ही कल्पना तिला छळत होत्या, म्हणून तर तीन वह्या होत्या. तिला त्या दिवशी सांगायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

आपल्याकडे 'सुचणं' या शब्दाला फार मान आहे. सुचलं की अर्धं काम झालं असं आपण धरून चालतो. काम संपवण्यासाठी मात्र मराठीत जो शब्द आहे तो मला जास्त मोलाचा वाटतो: हातावेगळं करणं. काम पुरं झालं याची खूण म्हणजे ते आपल्या हातातून सुटलं. आता हातातून सुटलेली वस्तू कुठेतरी जायला हवी, कोणाच्या तरी हातात पडायला हवी. पुऱ्या झालेल्या कादंबऱ्यांच्या हकिकती मी वर्षानुवर्षं गोळा करत आलो आहे, आणि त्यातल्या बहुतेकींत असा दुसरा हात सापडतो.

अमेरिकेतल्या जॉन स्टाइनबेकपासून सुरुवात करतो, कारण त्याच्यापाशीही एका वेळी तीन वह्या होत्या असं म्हणता येईल. १९३६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रासाठी त्यानं कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित शेतमजुरांवर लेखमाला लिहिली. ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतून दुष्काळानं, धुळीच्या वादळांनी आणि कर्जानं उठलेली ही कुटुंबं मोडक्या गाड्यांतून पश्चिमेकडे येत होती. टॉम कॉलिन्स नावाचा एक सरकारी छावणी-व्यवस्थापक त्यांच्यात राहून अहवाल लिहीत असे. ते अहवाल स्टाइनबेकनं वाचले, त्याच्याबरोबर तो छावण्यांतून हिंडला. या माणसांवर एक मोठी कादंबरी त्यानं योजली, ती पुढे सरकली नाही. मग सलिनास या त्याच्या जन्मगावी झालेल्या लेट्यूस-कामगारांच्या संपावर त्यानं एक उपहासात्मक पुस्तक लिहायला घेतलं. ते मात्र जवळजवळ पुरं झालं होतं. साठ-सत्तर हजार शब्दांचं बाड तयार होतं आणि प्रकाशकाला त्याची कल्पना दिलेली होती.

१९३८च्या मे महिन्यात त्यानं ते नष्ट केलं. पुस्तक वाईट झालंय, ते रागातून आणि लोकांना ओरबाडण्यासाठी लिहिलंय, असं त्यानं प्रकाशकाला आणि आपल्या प्रतिनिधीला कळवलं. त्यानंतर काही दिवसांतच तो नव्या बाडाला बसला. तेच 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा जातो. एका कल्पनेला स्वतःला वाहून घेणं ऐकायला गोड वाटतं, पण त्याची दुसरी बाजू अशी की बाकीच्या कल्पनांना नकार द्यावा लागतो, आणि कधी हा नकार सत्तर हजार शब्दांचा असतो. निवड करताना त्यानं काय पाहिलं असेल? मला वाटतं, त्यानं सामान पाहिलं. मजुरांच्या कहाणीचं सामान दोन वर्षं त्याच्या घरात येऊन पडत होतं: छावणीतली जेवणं, मोटारीचे सुटे भाग, बायकांची बोली, आणि त्याच वर्षीच्या सुरुवातीला व्हिसेलियाच्या पुरात चिखलात अडकलेली उपाशी कुटुंबं, जी त्यानं स्वतः पाहिली होती. जी कल्पना नुसती चमकते ती आणि जिच्यासाठी आपण नकळत सामान साठवत आलो ती, यांत दुसरी निवडावी. काही सुचत नाही अशा दिवशीही तिच्यात लिहिण्यासारखं काहीतरी असतं. सांगलीच्या मुलीला मी हे आधी सांगायला हवं होतं.

मग शंभर कामाचे दिवस. मेच्या अखेरीस सुरुवात आणि २६ ऑक्टोबरला शेवट. रोजचं लक्ष्य साधारण २००० शब्द, बहुधा आठवड्याचे पाच दिवस, सगळं हातानं, बारीक अक्षरात. रोजचं लिखाण सुरू करण्याआधी तो एका वेगळ्या वहीत रोजनिशी लिहायचा. ती १९८९ साली 'वर्किंग डेज' या नावानं प्रसिद्ध झाली. लिहिणाऱ्या माणसानं ती वाचायलाच हवी. तिच्यात थोरपणा कुठेच नाही. शेजारी घर बांधलं जातंय, हातोड्यांचा आवाज. पाहुणे येताहेत. बायकोचं घशाचं ऑपरेशन. प्रकाशकाचं दिवाळं निघालं. आपण लेखक नाहीच, स्वतःला आणि लोकांना फसवतोय, हे तर तो पुन्हा पुन्हा लिहितो. आणि त्याच नोंदीच्या शेवटी आजचं काम काय, ते ठरवून टेबलाशी जातो.

ही शंका लिहून काढणं मला फार शहाणपणाचं वाटतं. शंका जाणार नाहीच. तिला एक वही दिली की ती कादंबरीच्या वहीत कमी येते.

हे सगळं होत असताना त्याची बायको कॅरल पलीकडे बसून हस्तलिखित टाइप करत होती. ते गिचमीड अक्षर वाचणं, टंकणं, खटकलं तिथे सांगणं हे तिचं काम. पुस्तकाचं नावही तिनंच सुचवलं. कादंबरी तिला आणि टॉम कॉलिन्सला अर्पण केलेली आहे. रोज लिहिलेली पानं कुठेतरी जात होती, हे इथे विसरता येत नाही. पुढे १९५१ साली 'ईस्ट ऑफ ईडन' लिहिताना स्टाइनबेकनं याची रीतसर व्यवस्थाच केली. मोठ्या वहीच्या उजव्या पानावर कादंबरी आणि डाव्या पानावर संपादक पास्कल कोविसीला पत्र. रोज पत्र, मग मजकूर. कादंबरी झाल्यावर तिचं बाड त्यानं स्वतःच्या हातानं कोरलेल्या लाकडी पेटीत घालून कोविसीला दिलं. पेटी बनवायची म्हणजे बाड पुरं व्हायलाच हवं.

वाट पाहणाऱ्या माणसाची सगळ्यात थरारक गोष्ट मात्र पीटर्सबर्गची आहे. १८६५ साली कर्जात बुडालेल्या दस्तयेवस्कीनं स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी करार केला. ३००० रूबल घेतले आणि १ नोव्हेंबर १८६६पर्यंत नवी कादंबरी देण्याचं कबूल केलं. दिली नाही तर पुढची नऊ वर्षं त्यानं लिहिलेलं सगळं स्तेलोव्स्की एक पैसाही न देता छापणार. 'क्राइम अँड पनिशमेंट' तेव्हा मासिकातून क्रमशः चालू होती. सगळं वर्ष तिच्यात गेलं. ऑक्टोबर उजाडला तरी दुसऱ्या कादंबरीचं एक पानही नव्हतं.

मित्रांच्या सल्ल्यानं त्यानं लघुलेखिका शोधली. ४ ऑक्टोबरला अॅना ग्रिगोरियेव्ना स्नित्किना कामावर आली. वय २०, लघुलेखन नुकतंच शिकलेली. दिवसाचा क्रम असा बसला: रात्री तो टिपणं काढणार, दुपारी तिला सांगणार, ती घरी नेऊन रात्री सगळं स्वच्छ उतरवणार आणि दुसऱ्या दिवशी पानं घेऊन येणार. पहिले काही दिवस तो चिडचिडा होता, अडखळत होता. मग पानं साठू लागली. ती साठलेली पानं पाहून त्याला धीर येत गेला असं अॅनानं आठवणींत लिहिलं आहे. २६ दिवसांत 'द गॅम्बलर' तयार झाली. जुगाराचं व्यसन त्याचं स्वतःचं होतं, म्हणजे इथेही सामान घरातलंच.

बाड घेऊन गेल्यावर कळलं, स्तेलोव्स्की गाव सोडून गेलाय. मुदत चुकावी म्हणूनच. शेवटी रात्री दहाच्या सुमारास पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याकडे बाड जमा करून पावती घेतली आणि नऊ वर्षं वाचली. पुढल्या फेब्रुवारीत दस्तयेवस्की आणि अॅनाचं लग्न झालं.

या गोष्टीत लोकांना करार आठवतो, धमकी आठवते. मला धमकीचं फारसं काही वाटत नाही. ती तर वर्षभर डोक्यावर होती आणि वर्षभरात एक पानही झालं नव्हतं. पानं सुरू झाली ती दुपारी बारा वाजता दारावर थाप पडायला लागल्यावर. एका माणसानं रोज ठरलेल्या वेळेला यावं आणि कालच्या पुढचं मागावं, एवढीच ती व्यवस्था.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्यानं ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी, घड्याळ समोर, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, मग कचेरी. त्याच्या या शिस्तीची उदाहरणं नेहमी दिली जातात. आत्मचरित्रात त्यानं जे लिहिलंय ते कोणी सांगत नाही. वॉल्थम क्रॉसच्या घरी एक म्हातारा मोतद्दार त्याला उठवायला यायचा. या कामासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळत. इतक्या वर्षांत त्यानं कॉफी आणायला एकदाही उशीर केला नाही. आपल्या यशाचं ऋण सगळ्यात जास्त कदाचित याच माणसाचं असेल, असं ट्रोलोप म्हणतो. त्या मोतद्दाराला कादंबरी वाचायची होती असं नाही. पण तो यायचा.

आपल्याकडे हा म्हातारा मोतद्दार साप्ताहिकाच्या रूपानं आला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून आठवड्याला थोडी थोडी आली. ग्रंथरूपानं ती १८९३ साली निघाली. आनंदाश्रमाची व्यवस्था, पुण्याच्या नगरपालिकेचं काम, सार्वजनिक व्याप, आणि दर आठवड्याला वाचकाला पुढचं प्रकरण. कादंबरीतल्या यमूचं पुढे काय झालं हे विचारणारी घरं वाट पाहत होती. या सक्तीशिवाय एवढा पसारा एका माणसाच्या हातून उभा राहिला असता असं मला वाटत नाही. सक्तीचा दोषही त्यांच्या कादंबऱ्यांत दिसतो: फाटे फुटतात, प्रकरणं लांबतात, मागं जाऊन दुरुस्त करायला वेळ नसतो. आणि काही कादंबऱ्या राहूनच गेल्या. सुरुवातीची 'गणपतराव' अपुरी, शेवटची 'कर्मयोग' अपुरी. दार वाजवणारा अंक त्यांचाच होता, संपादकही तेच. आपणच आपली वाट पाहायची ठरवली तर सूट द्यायलाही आपणच बसलेले असतो.

भालचंद्र नेमाड्यांच्या बाबतीत दोन टोकं एकाच माणसात दिसतात. 'कोसला' १९६३ साली आली, नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. ती त्यांनी पंधरा-सोळा दिवसांत लिहून काढली. प्रकाशक रा. ज. देशमुखांची देशमुख आणि कंपनी. या सोळा दिवसांची आख्यायिका तरुण लेखकांत फार चालते आणि तिनं बरंच नुकसानही केलंय. सोळा दिवस लिहिण्याचे होते. सामान मात्र पंचवीस वर्षांचं होतं: खानदेशातलं गाव, पुण्यातलं वसतिगृह, परीक्षा, मेस, बहिणीचा मृत्यू. त्याच नेमाड्यांची 'झूल' १९७९ची आणि 'हिंदू' २०१०ची. मधे ३१ वर्षं. या काळात कविता आल्या, समीक्षा आली, अध्यापन चालू होतं. कादंबरी मात्र हातावेगळी व्हायला तेवढा वेळ लागला, आणि ती वाचल्यावर का लागला ते कळतं. कमी दिवस की जास्त दिवस हा प्रश्न मी मनातून काढून टाकला आहे.

श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत कोकणावरच्या कादंबऱ्या लिहीत राहिले. 'तुंबाडचे खोत' हा दोन खंडांचा पसारा १९८७ साली आला, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. किरण नगरकरांनी 'रावण अँड एडी'ची सुरुवात मराठीत केली, ती बाजूला राहिली, आणि १९९५ साली ती पुरी होऊन आली ती इंग्रजीत. भाषा बदलली पण रावण आणि एडी चाळीतून हलले नाहीत. त्या दोघांना नगरकरांनी सोडलं नाही, याचं मला अप्रूप वाटतं. मराठीला ती कादंबरी पहिल्या हातानं मिळाली नाही याची हळहळही वाटते.

एका कल्पनेला धरून राहिलं की कादंबरी पुरी होतेच, असं मात्र म्हणता येत नाही. राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची 'इन्व्हिजिबल मॅन' १९५२ साली आली आणि एका पुस्तकानं तो अमेरिकेतल्या श्रेष्ठ कादंबरीकारांत जाऊन बसला. मग त्यानं दुसरी कादंबरी घेतली. १९६७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या त्याच्या घराला आग लागली, त्यात हस्तलिखिताचा काही भाग गेला. त्यानं पुन्हा लिहिलं. संगणक आल्यावर संगणकावर लिहिलं. १९९४ साली तो वारला तेव्हा मागं हजारो पानं होती आणि कादंबरी नव्हती. त्यातून एक भाग संपादकानं वेगळा काढून १९९९ साली 'जूनटीन्थ' म्हणून छापला, आणि २०१० साली सगळा ऐवज हजारावर पानांच्या खंडात आला. तुकडे वाचताना अंगावर काटा येतो, इतके ते चांगले आहेत. चाळीस वर्षं हा माणूस एकाच कल्पनेशी एकनिष्ठ होता. पण प्रत्येक प्रसंग तो पुन्हा लिहीत राहिला, आणि पहिल्या पुस्तकाच्या उंचीचं ओझं त्याच्या खांद्यावर होतं. पान हातातून सुटेना. मी त्याला दोष देत नाही. त्या खंडाकडे पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

अमेरिकेतच १९९९ साली ख्रिस बॅटी या तरुणानं वीस मित्र गोळा करून एक खेळ मांडला: एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी, म्हणजे रोज १६६७ शब्द. पुढे नोव्हेंबर हा महिना ठरला आणि जगभरातून लाखो लोक त्यात उतरले. त्यामागची संस्था २०२५ साली बंद पडली. इतक्या घाईत चांगली कादंबरी क्वचितच होते हे खरं आहे. पण कच्चा खर्डा होतो, आणि खर्डा असल्याशिवाय पुनर्लेखन कशाचं करणार?

आता माझं स्वतःचं. माझ्या कपाटात तीन अपुरी बाडं होती आणि तिन्ही साठ ते सत्तर पानांच्या दरम्यान थांबलेली. बऱ्याच लेखकमित्रांशी बोलल्यावर कळलं की ही खिंड बहुतेकांना लागते. पहिल्या पन्नास पानांत सगळं मोकळं असतं. नायक गावात राहील की जाईल, थोरला भाऊ खोटं बोलतोय की नाही, काही ठरलेलं नसतं. साठाव्या पानापर्यंत माणसांनी काही ना काही करून ठेवलेलं असतं आणि त्याचे परिणाम आता लिहिणाऱ्याला निस्तरायचे असतात. नेमकी याच वेळी नवी कल्पना येते. ती निर्दोष दिसते, कारण तिचं एकही पान झालेलं नसतं. मी तीन वेळा तिच्या मागे गेलो.

चौथ्या वेळी दोन गोष्टी केल्या. नव्या कल्पनांसाठी एक वही केली. कल्पना आली की तिच्यात चार ओळी लिहायच्या, तारीख घालायची आणि वही बंद. दुसरी गोष्ट माझ्या ताईमुळे झाली. ताई मिरजेला, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. तिनं एकदा सहज विचारलं, काय लिहितोस ते वाचून तरी दाखव. मग एक रविवार आड बारा पानं घेऊन मी कोल्हापूरहून मिरजेला जायला लागलो. ताई भाषेबद्दल कधी बोलली नाही. भाजी निवडत ऐकायची आणि शेवटी एवढंच विचारायची, "मग त्या विहिरीचं काय झालं?" विहीर मी चौथ्या प्रकरणात आणून विसरून गेलो होतो. पुढच्या खेपेला विहिरीचं काय झालं ते सांगणं भागच होतं. शनिवारी रात्री नऊ पानं झालेली असत आणि तीन राहिलेली. ती तीन वाईट व्हायची, पण व्हायची. चौदा महिन्यांत खर्डा पुरा झाला. मग आठ महिने पुनर्लेखन. ते मी एकट्यानं केलं, कारण तेव्हा ऐकणाऱ्यापेक्षा कात्री जास्त लागते. त्या आठ महिन्यांत शनिवारी केलेल्या तीन-तीन पानांतली बरीचशी कापून टाकली. ती लिहिली नसती तर त्यांच्या पुढची लिहिता आली नसती.

रोजच्या कामात एक जुनी सवय फार कामाला आली, हेमिंग्वे ती सांगत असे: पुढे काय होणार ते ठाऊक असतानाच लिहिणं थांबवायचं. विहीर आटेपर्यंत उपसायची नाही. वाक्य अर्धं सोडून उठलं तर सकाळी बसल्याबरोबर हात चालू होतो.

हे सगळं लिहीत असताना मला त्या वाचनालयातल्या मुलीची आठवण येत राहिली. शेवटी ग्रंथपालांकडून नंबर मिळवून मी तिला फोन केला. त्या दिवशी दिलेलं उत्तर परत घेतो म्हणालो, आणि सामानाचं, वहीचं, विहिरीचं सांगितलं. तिन्ही वह्यांपैकी कोणत्या वहीतलं जग तुम्ही डोळे मिटून हिंडू शकता, असं विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हळदीच्या पेवांची." तिचे आजोबा हरिपूरला पेवांवर हमाली करायचे. जमिनीखालच्या त्या कोठारांत उतरण्याआधी आत दिवा सोडून पाहायचे, विझला तर उतरायचं नाही, हे तिनं लहानपणी आजोबांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेलं होतं. बाकीच्या दोन वह्यांतल्या गोष्टी मुंबईत घडत होत्या, आणि मुंबईत ती जेमतेम चार दिवस राहिली होती.

महिन्याभरानं तिचाच फोन आला. उरलेल्या दोन वह्या तिनं आत्याच्या लोखंडी पेटीत ठेवायला दिल्या होत्या आणि किल्लीही आत्याकडेच होती. दर शनिवारी आत्याकडे जायचं, असं ठरलंय म्हणाली. आत्याला स्वतःच वाचायचं असतं, ऐकून समाधान होत नाही, आणि तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय. म्हणून सध्या ती एका ओळीआड, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. वही लवकर संपते, एवढीच अडचण.